ऐकून घेणाऱ्याचा व्यवसाय

गेल्या महिन्याच्या टपालांत आलेलें एक पत्र अजून आमच्या मेजावर पडून आहे. इतर पत्रांस आम्हीं उत्तरें धाडलीं. मुलाच्या परदेशांतील शिक्षणाविषयीं, वडिलांच्या मृत्युपत्राविषयीं, दोन जावांमधील बेबनावाविषयीं जें सुचलें तें लिहून मोकळे झालों. या एका पत्रास उत्तर देण्यास मात्र आमचा हात धजला नाहीं. लेखिकेची अनुज्ञा घेऊन, व तिची ओळख पटेल असा सर्व मजकूर गाळून, त्यांतील प्रश्न आज वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण तोच प्रश्न निरनिराळ्या रूपांनीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून हल्लीं विचारला जात आहे.

ही भगिनी एका बँकेंत १७ वर्षें नोकरी करीत आहे. वय ४१. यजमान खासगी कंपनींत, मुलगी दहावींत, सासूबाई घरीं. डोक्यावर घराचें कर्ज असून त्याचे ९ वर्षांचे हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत. नोकरी सोडून मानसशास्त्राचा रीतसर अभ्यास करावा आणि समुपदेशक व्हावें, असें तिच्या मनानें घेतलें आहे. "लहानपणापासून सगळीं माणसें माझ्याजवळच मन मोकळें करतात, बँकेंतसुद्धां म्हातारीं माणसें पासबुक पुढें करून घरचीं गाऱ्हाणीं सांगत उभीं राहतात," असें ती लिहिते. पत्र येथेंच संपलें असतें तर उत्तर देणें सोपें होतें. परंतु तिसऱ्या पानावर निराळीच हकीकत आहे. तीन वर्षांपूर्वीं तिच्या धाकट्या भावानें आपलें आयुष्य आपल्या हातानें संपविलें. त्याच्या आधींच्या महिन्यांत तो रोज रात्रीं बहिणीला फोन करी. ती त्याला सांगे, पहांटे ऊठ, सूर्यनमस्कार घाल, आईकडे बघ, तुझ्याहून वाईट दिवस लोकांनीं काढले आहेत. तो "हो ताई" म्हणे आणि फोन ठेवी. "त्याचें तें 'हो ताई' अजून माझ्या कानांत आहे. हें काम मीं करावें कीं करूं नये, तें तुम्हीच सांगा. घरीं कोणी स्पष्ट बोलत नाहीं," असा पत्राचा शेवट आहे.

पत्र वाचतांच आम्हीं लेखणी उचलली आणि दोन पानें भरून लिहिलें: धीर धरावा, स्वतःस दोष देऊं नये, नोकरी सोडण्याची घाई करूं नये. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीं पानें पुन्हां वाचलीं तेव्हां आमची आम्हांलाच शरम वाटली. भावाचा फोन आल्यावर तिनें जें केलें होतें, तेंच आम्हीं तिचें पत्र आल्यावर केलें होतें. तीं पानें आम्हीं फाडून टाकलीं. सल्ला देणें हा ज्यांचा दरमहाचा उद्योग, त्यांनीं सल्ला न देण्याच्या विद्येविषयीं लिहावें, यांत विसंगति आहे खरी. ती वाचकांनीं सांभाळून घ्यावी.

या विद्येचें आमच्या भाषेंतील नांवच थोडें फसवें आहे. 'समुपदेशन' हा शब्द घडवितांना त्याच्या पोटांत 'उपदेश' राहून गेला. उपदेश म्हणजे जाणत्यानें नेणत्यास सांगावयाचें. पुराणिक, कीर्तनकार, गुरुजी आणि घरांतील वडील मंडळी यांच्या कृपेनें आपल्या समाजांत त्याची उणीव कधींच भासली नाहीं. नवविधा भक्तींत पहिला मान श्रवणाला दिला आहे हें आपण सारे जाणतों. पण श्रवण करावयाचें तें देवाच्या कथेचें, समोरच्या माणसाच्या कथेचें नव्हे, अशी आपण सोयीस्कर समजूत करून घेतली. त्यामुळें 'मी समुपदेशक होणार' असें जेव्हां कोणी म्हणतें, तेव्हां 'मी लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणार' असाच त्याचा अर्थ सांगणारा व ऐकणारा दोघेहि करतात. येथेंच पहिली चूक होते.

या विद्येच्या प्रमुख आचार्यांपैकीं एक, अमेरिकेंतील कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७), हाहि आरंभीं याच चुकींत होता. शेतकी शिकावयास निघालेला हा तरुण पुढें धर्मोपदेशक होण्यासाठीं न्यूयॉर्क येथील एका धर्मशिक्षणसंस्थेंत दाखल झाला आणि तेथून शेजारच्या कोलंबिया विद्यापीठांत मानसशास्त्राकडे वळला. १९२८ पासून बारा वर्षें तो रॉचेस्टर शहरीं हूड व त्रासलेल्या मुलांसाठीं काम करीत होता. तेथें एका द्वाड मुलाची आई त्याच्याकडे येत असे. मुलाला लहानपणीं आईनें दूर लोटलें हेंच साऱ्याचें मूळ, असें रॉजर्सचें निदान ठरलें होतें. आणि तें तिला पटवून देण्याचा यत्न तो भेटीमागून भेटींत करीत होता. बाईला तें पटेना. अखेर, आपल्या दोघांच्यानें हें होत नाहीं, येथेंच थांबावें, असें ठरलें. बाई दारापर्यंत गेली, वळली, आणि तिनें विचारलें कीं तुम्ही येथें मोठ्या माणसांनाहि मदत करतां काय? तो होय म्हणतांच ती परत खुर्चीवर येऊन बसली आणि आपल्या विस्कटलेल्या संसाराची कहाणी सांगूं लागली. खरें काम त्या क्षणाला सुरू झालें. दुखतें कोठें हें ज्याचें त्यालाच ठाऊक असतें, आणि कोणत्या दिशेनें जावें हेंहि त्यालाच उमगूं शकतें, ही जाणीव या प्रसंगानें आपल्याला झाली, असें रॉजर्सनें १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत सांगितलें आहे. त्याची पुढील सारी विचारसरणी याच जाणिवेवर उभी आहे.

तेव्हां या व्यवसायाची निवड करणाऱ्यानें पहिला प्रश्न स्वतःस विचारावयाचा तो असा: दुसऱ्याचें दुःख आपल्यापुढें उघडें असतां, त्यावरचा उपाय आपल्या जिभेवर आला असतां, आपल्याला गप्प बसवेल काय? 'लोक मला मन मोकळें करून सांगतात' ही चांगली खूण आहे. पण ती अर्धी. लोकांनीं सांगितल्यावर आपण काय करतों, ही उरलेली अर्धी.

व्यवसाय निवडावा कसा याची पद्धत मांडणाऱ्यांत बोस्टनच्या फ्रँक पार्सन्सचें नांव आरंभीं येतें. त्यानें १९०८ सालीं तरुणांना धंद्याच्या निवडींत साह्य करणारी कचेरी उघडली. त्याच वर्षीं तो वारला, आणि त्याचें पुस्तक १९०९ सालीं निघालें. त्याचें सांगणें साधें होतें: प्रथम स्वतःला ओळखावें, मग कामाला ओळखावें, आणि नंतर या दोहोंची सांगड घालून पाहावी. तोच मार्ग आपण येथें धरूं. फक्त आरंभ कामापासून करूं, कारण काम कळल्यावांचून आपण त्याला योग्य कीं अयोग्य हें कळणार नाहीं.

समुपदेशकाचें काम लांबून दिसतें तितकें हृद्य नाहीं. पाऊण तास, फार तर तासभर एक माणूस समोर बसतो. असे दिवसाला चारपांच. कोणी रडतो, कोणी बोलतच नाहीं, कोणी तीच तक्रार सहा वेळां सांगून सातव्या वेळीं येईनासा होतो. त्याचें पुढें काय झालें हें कधींच कळत नाहीं. ऐकलेलें घरीं सांगतां येत नाहीं. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानें, जो २९ मे २०१८ पासून अंमलांत आला, रुग्णाचा गुप्ततेचा हक्क मान्य केला आहे; जेवतांना सहज म्हणूनसुद्धां तो विषय काढावयाचा नाहीं. परंतु कांहीं प्रसंगीं मौन सोडावेंच लागतें: कोणाच्या जिवाला धोका आहे असें दिसल्यास, किंवा बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचें कळल्यास. या दुसऱ्या बाबतींत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें पोलिसांना कळविणें बंधनकारक केलें आहे. गंभीर आजाराचीं लक्षणें दिसलीं तर रुग्णास मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे धाडावें लागतें, कारण औषध देण्याचा अधिकार समुपदेशकास नाहीं. आणि आणखी एक गोष्ट, जी ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो: आपल्या आप्तांना, शेजाऱ्यांना, मैत्रिणींना समुपदेशन करावयाचें नसतें. नात्याची गुंतागुंत ऐकण्याच्या आड येते. म्हणजे आज जीं माणसें या भगिनीजवळ मन मोकळें करतात, त्यांनाच उद्यां तिला दुसऱ्याकडे धाडावें लागेल.

आतां मार्गाविषयीं. आपल्या देशांत 'समुपदेशक' ही पाटी दारावर लावणें अजून फार सोपें आहे. आठ दिवसांचा वर्ग करून ती लावणारे थोडे नाहींत. पण 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' म्हणून काम करावयाचें तर १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असावी लागते, आणि तीसाठीं परिषदेनें मान्य केलेलें, रुग्णालयांत प्रत्यक्ष कामासह दिलें जाणारें शिक्षण लागतें. नव्या शैक्षणिक धोरणामुळें या अभ्यासक्रमांचीं नांवें व मुदती बदलत आहेत, म्हणून परिषदेची ताजी यादी स्वतः पाहिल्यावांचून कोणत्याहि संस्थेंत पैसे भरूं नयेत. इतर मानसशास्त्रज्ञ व आरोग्यक्षेत्रांतील समुपदेशक यांस २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यानें आपल्या कक्षेंत घेतलें आहे. तेव्हां आज मोकळें दिसणारें हें कुरण पुढें मोकळें राहील असें धरून चालूं नये. मानसशास्त्राची पदवी, त्यावर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, आणि ज्येष्ठांच्या देखरेखीखालीं कित्येक महिन्यांचें प्रत्यक्ष काम, याहून जवळची वाट नाहीं.

नोकरी सांभाळून पत्रद्वारें शिकावें, असा मधला मार्ग आजवर पुष्कळांनीं धरला. तोहि आतां अरुंद झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२५ सालीं मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरशिक्षण व ऑनलाइन पद्धतीनें देण्यास मनाई केली. माणसासमोर बसण्याची विद्या माणसासमोर बसूनच यावी, हें त्यामागचें तत्त्व आम्हांस पटतें. पण हप्ते भरणाऱ्या गृहिणीला त्याची किंमत द्यावी लागते हें नाकारतां येत नाहीं. आमच्या भगिनीपुढील पेंच येथें खरा होतो. वर्गांत जावयाचें तर बँकेची खिडकी सोडावी लागेल. पदवी वाणिज्य शाखेची असल्यामुळें विद्यापीठाच्या नियमांप्रमाणें कदाचित् पदवीपासून आरंभ करावा लागेल. म्हणजे पांच वर्षें मिळकत नाहीं, आणि नंतरहि शाळा, रुग्णालय किंवा संस्था यांतील पगार १७ वर्षांच्या बँकेच्या पगाराशीं तुलना करण्याजोगा असेलच असें नाहीं. हा हिशेब यजमानांसह एका संध्याकाळीं कागदावर मांडावा. मुलीच्या महाविद्यालयाचा खर्च आणि स्वतःच्या महाविद्यालयाचा खर्च एकाच वेळीं येणार आहे, हें त्या कागदावर स्पष्ट दिसलें पाहिजे.

या कामाची गरज किती आहे, हें सांगितल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत प्रौढांपैकीं शेंकडा १०.६ जणांस पाहणीच्या वेळीं कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. आणि निरनिराळ्या विकारांच्या रुग्णांपैकीं शेंकडा ७० ते ९२ जणांस उपचार मिळत नव्हते. आपल्या घरांतून तर याशिवाय आणखी एक आडकाठी असते. मधुमेह सांगावयास आपण लाजत नाहीं. पण भाऊ सहा महिने खोलीबाहेर आला नाहीं हें सोयरिकीच्या वेळीं लपवितों, आणि 'जरा अभ्यासाचा ताण आहे' म्हणून वेळ मारून नेतों. शिकलेलीं माणसें अडाण्यांच्या देवऋषींस हंसतात. पण देवऋषी निदान माणसाला जवळ बसवून घेतो, आम्ही दार लावून घेतों. भावाला सूर्यनमस्कार सांगणारी बहीण एकटी नाहीं. तिला तेवढेंच शिकविणारे आपण सर्व तिच्या पाठीशीं उभे आहों. एका माणसाच्या अशा मृत्यूला एकच कारण कधींच नसतें, हेंहि तिनें जाणून असावें. फोनवरचे ते शब्द कमी पडले असतील. त्यांनीं त्याचा जीव घेतला नाहीं.

आतां उरलें तें स्वतःला ओळखणें. या व्यवसायाकडे वळणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण कोणत्या तरी जुन्या जखमेच्या वाटेनें येतात. जखम असणें हा अपात्रतेचा दाखला नव्हे. तशीच ती पात्रतेची सनदहि नव्हे. ज्याच्या मनांतील गोष्ट अजून उघडी आहे, त्याला समोरच्या प्रत्येक तरुणांत आपलाच भाऊ दिसूं लागतो. मग तो त्या तरुणाचें ऐकत नाहीं, भावाला वांचविण्याची दुसरी संधि शोधतो. आणि तो तरुणहि हाताचा निसटला तर? असे प्रसंग या व्यवसायांत येतातच. ते सोसण्याचें बळ अपराधाच्या भावनेंतून येत नाहीं. म्हणून या विद्येंतील ज्येष्ठ नवशिक्यांना, दुसऱ्याचें ऐकण्यास बसण्यापूर्वीं कांहीं काळ स्वतः समोरच्या खुर्चीवर बसा, असें सांगत असतात. आणि अनुभवी समुपदेशकसुद्धां आपलीं अवघड प्रकरणें वरिष्ठांपुढें मांडून त्यांची देखरेख पत्करतात. ज्याला आपलें चुकलें असें दुसऱ्यापुढें म्हणवत नाहीं, त्यानें या वाटेस न जाणें बरें.

राजीनामा लिहिण्यापूर्वीं करून पाहण्यासारख्या तीन गोष्टी आम्हांस दिसतात. पहिली अगदीं घरगुती. एक लहान वही घ्यावी, आणि पंधरा दिवस, कोणीहि आपली अडचण सांगितली कीं आपण कितव्या वाक्याला सल्ला दिला, तें रात्रीं टिपून ठेवावें. आमच्याच घरांत हा प्रयोग झाला. आमचा आंकडा पहिल्या आठवड्यांत 'दुसरें वाक्य' असा होता, हें येथें कबूल करतों. दुसरी गोष्ट, कोणत्या तरी चांगल्या संस्थेंत स्वयंसेवक म्हणून रीतसर शिकून कांहीं महिने बसावें. ठाण्यास १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनें २०१२ सालीं आयकॉल ही दूरध्वनीवरील समुपदेशनाची सेवा सुरू केली. अशा ठिकाणचें काम कसें चालतें हें जाणत्यांकडून समजून घ्यावें, आणि आपल्या गांवाजवळ शिकवून घेणारी कोणती संस्था आहे याचा तपास करावा. शनिवार-रविवार एवढे या परीक्षेस पुरतात. तिसरी गोष्ट, आणि आमच्या मतें ती सर्वांच्या आधीं करावयाची: तिनें स्वतःच्या शोकासाठीं समुपदेशकाकडे जावें. अभ्यासाची पूर्वतयारी म्हणून नव्हे. तीन वर्षें ती ज्या दोन शब्दांसह राहत आहे, त्यांच्यासाठीं. त्यांतून ज्या दिवशीं 'मला हें काम भावासाठीं करावयाचें नाहीं, या कामासाठींच करावयाचें आहे' असें तिला म्हणतां येईल, त्या दिवशीं हप्त्यांचा कागद पुन्हां काढावा. तसें म्हणतां आलें नाहीं, तरी पहिली वही वायां जाणार नाहीं. दहावींतील मुलीला घरांत ऐकून घेणारी आई मिळेल.

या भगिनीप्रमाणें जे वाचक स्वतः अशा काळोखांतून जात असतील, किंवा ज्यांच्या घरांत रोज रात्रीं असा फोन येत असेल, त्यांच्यासाठीं एक आंकडा येथें देतों. केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केलेली टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य मिळते, आणि तेथें मराठींतहि बोलतां येतें. हा क्रमांक घरांतील दूरध्वनीच्या वहींत, गॅसवाल्याच्या व डॉक्टरांच्या क्रमांकाशेजारीं, लिहून ठेवण्यास लाजूं नये.

आमच्या भगिनीस 'होय' किंवा 'नाहीं' असें उत्तर आम्हीं दिलें नाहीं, हें तिच्या ध्यानांत आलें असेलच. तिनें तें स्पष्ट मागितलें होतें. पण दाराशीं वळलेल्या त्या रॉचेस्टरच्या बाईप्रमाणें, तिच्या पत्रांत खरा प्रश्न तिसऱ्या पानावर होता. आणि त्या पानाचें उत्तर मासिकांतून देतां येत नाहीं. वर्षभरानें तिनें पुन्हां लिहावें, अशी आमची विनंती आहे. ती बँकेंतच असो कीं वर्गांतल्या बांकावर असो, तें पत्र आम्ही सबंध वाचूं, आणि वाचून होईपर्यंत लेखणी उचलणार नाहीं.